एल्कच्या पारधीला निघण्याआधीची निरवानिरव

मी, सत्यम कडूबा मोकासे, वय सव्वीस, मूळचा पिशोरचा, तालुका कन्नड, सध्या मुक्काम छावणी, छत्रपती संभाजीनगर, धंदा घोड्यांची देखभाल आणि मधे मधे भटकणं, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कुणी धाक घातलेला नाही आणि कुणी पाजलेलीही नाही. पुढच्या महिन्यात मी अमेरिकेत, मोंटानाच्या डोंगरात, धनुष्यबाणानं एल्क मारायला चाललोय. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. माघारी कशाचं काय करायचं ते खाली लिहितो.

१. कारण. तिकडचा घोडेवाला डेल मला मनालीत भेटला. मी खेचरावर ओझं लादत होतो, दोन्ही अंगाला सारखं, हातानं तोलून. तो बघत उभा राहिला आणि म्हणाला, माझ्याकडं ये. आता व्हिसा झाला, शिकारीचा परवानाही झाला. गाडीरस्ता संपला की घोड्यांवर सामान लादून आत जायचं. तिथं फोन लागत नाही. अस्वलं फिरतात, म्हणून खाणं झाडाला उंच टांगायचं. एल्क पडला तर मांस त्याच घोड्यांवर बाहेर काढायचं. तंबू, दोऱ्या, नाल, सगळं ठरल्यावर डेलनं फोनवर विचारलं, तुला काही झालं तर कळवायचं कुणाला? मी नाव शोधत बसलो. त्याला वाटलं लाईन कटली. म्हणून हा कागद.

२. घोडी. माझी पांढरी घोडी बिजली मनकर्णाबाईंना द्यावी. त्यांच्या तबेल्यावरच्या खोलीत मी भाड्यानं राहतो, त्यांना मावशी म्हणतो. बिजली वरातीतली, बँड वाजला की नाचणारी. एल्कचा नर माजावर आला की साद घालतो, आधी खोल, मग क्लॅरनेटसारखी वर चढत जाणारी. ती मी पाइपात फुंकून शिकत होतो. बिजलीला वाटलं वरात निघाली. मावशी बाहेर आल्या, "मुडद्या, नवरदेव नाय, वऱ्हाड नाय, अन् घोडी कुणासाठी नाचवतो?" खरंच कुणी नव्हतं. ती नाचली, मी एकट्यानं बघितलं. अट एकच, फटाक्यांपासून तिला लांब ठेवावं.

३. धनुष्य. जुनं धनुष्य शंतनूला. वकिलाचा पोरगा, मैदानावर नेम धरायला त्यानंच शिकवलं. पण त्याचा नेम कागदावरच्या गोलावर. जनावर जवळ येऊन आडवं उभं राहीपर्यंत तार ओढून थांबायचं, आणि नाहीच राहिलं तर बाण उतरवून घ्यायचा, हे त्याला पटत नाही. "एवढ्या लांब जाऊन हात हलवत येणार?" म्हणतो. येईन की.

४. भंडारा. इथल्या सातारा गावच्या खंडोबाचा भंडारा छोट्या बाटलीत घेतलाय. वारा कुठून येतोय ते कळायला तिकडं पूड उडवतात, आपला वास जनावराला जाऊ नये म्हणून. डेल म्हणाला, बिनवासाची पूड आण. मावशी म्हणाल्या, "उधळायचाच असतो, ने! देव सोताच घोड्यावर बसून पारधीला जातो, त्याला काय शिकवतो तो?" बाटली माघारी आली तर देवळात द्यावी.

५. भांडण. थोरला भाऊ विश्वजीत, राहणार पिशोर. आई आधीच गेलेली. बाप गेला तेव्हा मी लडाखच्या वाटेवर, फोन बंद. विश्वजीतनं माझी वाट न बघता अग्नी दिला. तेव्हापासून बोलणं नाही. त्याला मी काहीही देत नाही.

६. शरीर. सापडलं तर तिथंच जाळावं. हाडं कुणाला पाठवायची, हा प्रश्न सध्या मोकळा ठेवतो.

इथपर्यंत काल लिहिलं. आज शंतनूच्या वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, दोन साक्षीदार लागतील, आणि ज्याला कागदात काही मिळतंय त्याची सही घेऊ नकोस, उद्या वाद नको. म्हणजे मावशी बाद, शंतनू बाद. मी बाकीची माणसं आठवायला लागलो. मनाली, गोवा, लेह, कुठं कुठं एका ताटात जेवलो, पण निम्म्यांची खरी नावंसुद्धा माहीत नाहीत. वकीलसाहेब चष्मा काढून म्हणाले, "अरे, ज्याला काही द्यायचं नाही असं कुणी आहे का?"

अख्ख्या कागदात तसं एकच नाव होतं.

७. विश्वजीतला फोन केला. "कोण बोलतंय?" म्हणाला. नाव सांगावं लागलं. दुपारी मोटारसायकलवर आला. कागद दोनदा वाचला.

"मला काय यात?"

"काय नाय."

"बरं झालं."

पाचवं कलम त्यानं तसंच सोडलं. पहिल्यावर बोट ठेवलं. "त्या गोऱ्यानं इचारलं, त्याला काय सांगितलं तू?"

"मावशीचा नंबर देणार होतो. पण त्यांना कमी ऐकू येतं."

"माझा दे."

"तुला इंग्रजी येतं व्हय?"

"तुझं नाव घेतलं की कळंल मला. बाकी काय सांगणार हाय तो?"

सबब, मला काही झाल्यास पहिला फोन विश्वजीतला करावा. सहाव्या कलमातला प्रश्न त्याच्यावर सोपवतो. हे लिहीपर्यंत तो समोर बसलाय, चहा नको म्हणाला, किल्ली बोटात फिरवतोय. आणखी विचारण्यासारखं बरंच आहे, पण त्याला उजेडी घाट उतरायचाय.

वरचं सगळं माझ्या हातचं, खाडाखोडही माझीच.

सत्यम कडूबा मोकासे (सही)
छावणी, छत्रपती संभाजीनगर, १९ ऑगस्ट २०२५

साक्षीदार:
मुकुंद देव, झेरॉक्सवाले, छावणी. ओळख आजचीच. (सही)
विश्वजीत कडूबा मोकासे, पिशोर. सख्खा भाऊ. मिळकतीत हिस्सा नाही. फोन चालू असतो. (सही)