दिवसभरात काय घडलं

ता. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
धाकट्याचा साष्टांग नमस्कार.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तू मागे कुणीतरी उभं असल्यासारखी बोलतेस, म्हणून लिहितोय.

बाबा सकाळचं दुपारी विसरतात म्हणून हातपाय गाळू नकोस. मी म्हाताऱ्यांच्याच वॉर्डात नर्स आहे, रोज बघतो. गेलेलं सगळं परत येईल असं नाही, पण काही जणांना फरक पडतो. त्यांना रोज चालायला ने, बरोबरीच्या माणसांत बसव. मीठ कमी, बिडी बंद, रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही, आणि दुपारभर घोरू देऊ नकोस म्हणजे रात्री झोप लागेल. कानाचं मशीन पाठवतोय. ऐकूच आलं नाही तर लक्षात काय राहणार, कपाळ?

एक विचारायचंय. मागच्या खेपेला तुझा ओठ फाटला होता. ट्रे लागला म्हणालीस. मीही त्याच बेकरीत वाढलोय गं, ट्रे कुठे लागतो ते मला ठाऊक आहे. भावोजींनी हात उचलला असेल तर खरं सांग.

लोभ आहेच, रागासकट राहू दे.
तुझा,
धाकटा

ता. १० एप्रिल

चि. धाकट्यास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

बाबा चालायला लागले. आधी तणतणले, आयुष्यभर पहाटे उठून भट्टी पेटवली ती आता उंडारायला का, म्हणे. आता मलाच घाई करतात. बागेत न्हावीकाका आणि पोस्टमन यांच्याशी भांडतात. मशीन लावल्यापासून तर कुणाला बोलू देत नाहीत. बिडीपायी मला शिव्यांची लाखोली वाहून झाली. कालचा वाद आज तिथूनच पुढे सुरू केला असं काकांनी सांगितलं, तेव्हा मला रडूच आलं.

आता तू विचारलंस ते. हो, मारतात. पीठ सैल झालं, गिऱ्हाइकाशी हसले, कशावरूनही. बाबांसमोरही मारतात. मागच्या महिन्यात माझं डोकं कपाटावर आपटलं. बाबा थरथरत उठले, ओरडले. हे हसले, म्हणाले की म्हाताऱ्याला जेवणापर्यंत काही आठवायचं नाही. आणि खरंच, जेवताना बाबांनी यांना आपल्या हाताने आग्रहाने वाढलं. माझं टेंगूळ बघून, कुठे धडपडलीस म्हणून मलाच रागावले. माराचं एक वेळ सोसेन रे, पण हे जिव्हारी लागलं.

तू येऊ नकोस. आलास तर कुणाचा तरी मुडदा पडेल.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई

ता. १६ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र ड्यूटीवर वाचलं आणि हातातली बाटली भिंतीवर फोडली. मोठ्या सिस्टरनी मला घरी हाकललं. त्या माणसाला मी आता भावोजी म्हणणार नाही. त्याची हाडं एकेक करून मोडावीत असं वाटतं, आणि कुठली हाडं पुन्हा धड जुळत नाहीत हे मला नीट माहीत आहे.

रजा मिळाली की येतोय. विचारत नाही, सांगतोय. घर बाबांचं, भट्टी बाबांची. जायचं तर त्याने जावं.

तोवर एक कर. रोज रात्री जेवताना बाबांना दिवसभरात काय घडलं ते ओळीने सांगायला लाव. आमच्या वॉर्डात हेच करतो. अडले तर सांगू नकोस, वेळ दे. बरं वाटतं त्यांना.

जप गं. जीव लागलाय, तो असाच लागू दे.
धाकटा

ता. २४ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितेय, उजवा प्लास्टरमध्ये आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू सांगितलंस ते सुरू केलं. जेवायला तोही समोरच बसतो, हे ना तुझ्या डोक्यात आलं ना माझ्या. सुरुवातीला बाबा बाग, बाक आणि भाजी एवढंच सांगायचे. मंगळवारी सकाळी त्याने माझं मनगट भट्टीच्या दारावर दाबून धरलं. कातडी तिथेच चिकटली. जेवताना बाबा सांगू लागले, चालून आलो, पोस्टमन आला नव्हता, त्याला ताप आहे. मग घास खाली ठेवला आणि त्याच आवाजात म्हणाले की त्यानंतर याने माझ्या पोरीचा हात भाजला, ती आई गं म्हणून ओरडली, मला स्पष्ट ऐकू आलं.

त्याने ताट भिरकावलं आणि बाबांना लाथ घातली. ते खुर्चीसकट पडले, डोकं फुटलं, मशीन त्याने टाचेखाली चिरडलं. मी मध्ये पडले तर माझा तोच भाजलेला हात पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. बाबा रांगत भट्टीपाशी गेले, पाव काढायचं लांब फावडं उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर हाणलं. तो पडला तरी हाणत राहिले, किंचाळत होता तरी हाणत राहिले. शेवटी मीच एका हाताने त्यांना ओढलं. ओढू नये असं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. दवाखान्यातून चौकीत नेल्यावर साहेबांनी आधी बाबांच्या कानाशी ओरडून त्यांची परीक्षा घेतली. तारीख सांगता आली नाही. सकाळी काय खाल्लं, आठवेना. खुर्चीत पाय लांब करून बसलेला तो लगेच म्हणाला की म्हातारा भ्रमिष्ट आहे, बायको भट्टीपाशी घसरली, हवं तर तिलाच विचारा. त्याची खात्रीच होती. प्रत्येक डॉक्टरला मी घसरले, पडले असंच सांगत आले होते ना. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मशीन नव्हतं, त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

साहेबांनी मला काय आठवतं ते विचारलं. मला सगळं आठवत होतं रे. पहिल्या थपडेपासून सांगायला लागले. दुपार टळली तरी संपेना, साहेबांना पुन्हा कागद मागवावे लागले.

लवकर ये. आम्ही दोघं आहोत तोवर तुझी माया असू दे.
तुझी,
ताई