राखेतले तांब्याचे खिळे

मेरिल,

मी बहिणीकडे चालले आहे. दूध घातलेलं माशांचं सूप फ्रीजमध्ये आहे, मंद आचेवर गरम कर, उकळलं तर दूध फाटेल.

लाकडांचा स्टोव्ह आता धूर जाळत नाही, नुसताच वर सोडतोय. त्याच्या उष्णतामापकाचा काटा निम्म्यावरच अडकतो आणि धुराड्यातून काळं निघतं. दाराच्या फटीत कागद धरून ओढून बघितला, दार घट्ट बसतंय. मग आतली धूर जाळणारी, मधाच्या पोळ्यासारखी जाळी काढली, मऊ ब्रशने झाडली, व्हिनेगरमध्ये उकळली. काही उपयोग झाला नाही. रंग दिलेलं, खाऱ्या पाण्यात मुरलेलं लाकूड जाळलं की ती अशीच मरते, हे तूच मला शिकवलंस. नवी जाळी येईपर्यंत धूर थेट वर सोडणारी धुराड्याची झडप उघडीच ठेव, नाहीतर घर धुराने कोंदेल. शेडमधलं वाळलेलं बर्चचं लाकूडच जाळ.

राख काढताना मूठभर तांब्याचे खिळे सापडले. तसे खिळे आपल्याकडे फक्त ऑरिनच्या बोटीला होते. बोट विकली म्हणालास. मीही वेड्यासारखी म्हटलं, बरं झालं, कुणीतरी ती चालवेल तरी.

समुद्राने आपलं पोरगं ठेवून घेतलं आणि बोट तेवढी परत धाडली. तिचा राग मलाही येतो रे. जाळलीस म्हणून मी जात नाहीये. पण हिवाळाभर तिची एकेक फळी आत सारून तू मला म्हणायचास, "जवळ ये, जरा शेक घे," आणि मी यायचे.

थेल्मा