ट्रस्ट ठेवायचा नाही

१४ मार्च, मंगळवार

आज कंपनीच्या पंप आणि व्हॉल्व्ह या दोन विभागांची डोमेन, म्हणजे कॉम्प्युटरची जाळी, वेगळी केली. एका डोमेनच्या माणसाला दुसऱ्याने आत येऊ द्यावं म्हणून जी जोडणी असते, तिला ट्रस्टच म्हणतात. साहेब म्हणाले, "ट्रस्ट ठेवायचा नाही." नाही ठेवला. व्हॉल्व्ह विभाग विकायचा ठरलाय, हे तिथे कुणाला कळता कामा नये, हेही त्यांनी बजावलं.

शिरोळे व्हॉल्व्हमध्ये आहेत. इतकी वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर. दुपारी म्हणाले, "अहो पाटणकर, आता तुमच्या पंपाचं ड्रॉइंग बघायला व्हिसा काढायचा का? कशासाठी हा उद्योग?"

"सुरक्षेसाठी," मी म्हणालो.

रविवारी ते धायरीत फ्लॅट बुक करणार आहेत. नोकरीच्या भरवशावर. सांगायला नको होतं का? वाईट तरी वाटायला हवं होतं. काहीच वाटत नाही. ट्रस्ट तोडतानाही वाटलं नाही.

निघताना त्यांनी नवा पासवर्ड नेहमीसारखा मला मोठ्याने सांगितला. "मी विसरलो तर तुम्ही आहातच."

पासवर्ड असा कुणाला सांगायचा नसतो, हेसुद्धा मी त्यांना सांगितलं नाही.