फोटोपुरती एकटी

१६ एप्रिल, बुधवार

सोमारीच्या एका हजेरीची खरी किंमत: तिच्या तीन वर्षांच्या रिनाची अर्धी झोप, मोहर्ली गावापासून तळ्याच्या कामापर्यंत कडेवर पोरगी, आणि मग दुपारपर्यंत ती पोरगी उन्हात. नवरा गेल्यापासून घरात दोघीच. निराधारचे पैसे येतील तेव्हा येतील, बाकी सगळं रोजगार हमीवर. अंगणवाडी आठला उघडते, मेट म्हणून हजेरी घेणारा मी, माझा हजेरीचा पहिला फोटो सातला. फोटोत चेहरा नाही, तर हजेरी नाही.

आज मीच तोडगा काढला. बांधापलीकडे, बांबूला लागून मोहाची सावली आहे. तिथं लुगड्याचा पाळणा बांधला.

"लटारूभाऊ, जंगलाच्या इतकं जवळ?"

"बाई, याच जंगलात तेंदूपत्ता तोडत मोठा झालो. वाघ हालला का वांदर वरडते. अन् वांदर वरडलं त माह्या कानातून सुटत नाई."

सोमारी हसली. पाळणा राहिला.

१७ एप्रिल

दुपारचा फोटो. नेट नाही. सगळे बांधावर ओळीत, मोबाइलकडे तोंड करून उभे. पोरगी पलीकडे एकटी. झाडांवरच्या किरकिऱ्यासुद्धा गप्प — छान शांत वाटलं.

सोमारीची मान मात्र मागे. "इकडं पाह्य बाई, चेहरा आला नाई त दिवस गेला."

वळली.

१८ एप्रिल

पाळण्याजवळ नव्या तांदळाच्या भातासारखा वास. आज कोणाच्याच डब्यात भात नव्हता.

रिना भाकरीचे तुकडे बांबूत फेकत होती.

"कोणाले देऊन राह्यली वं?"

"थे बसली ना तिथी."

कामावरची म्हातारी गिरजाबाई हळूच म्हणाली, "लटारू, पाळणा हालव तिथून."

"वांदर वरडलं का?"

"नाई."

"मंग?"

ती घमेलं उचलून गेली. सोमारीनं विचारलं, "भाऊ, उद्या येऊ का नको?" मी म्हटलं, "ये. मी हावो ना."

१९ एप्रिल

फोटो गेला. वळून पाहतो तर पाळणा हलत होता. वारा नव्हता. रिना आत गाढ झोपलेली. सोमारीनं तिला उचललं.

२१ एप्रिल

सोमारी आली, रिना पाठीला बांधलेली. तशीच माती वाहत होती. पाळणा तिनं सोडून नेला.

अंकुश वनरक्षकाला मीच बोलावलं. तो मला बांबूत घेऊन गेला. पाळण्याच्या जागेपासून आठ-दहा पावलांवर गवत दबलेलं. भाकरीचे वाळके तुकडे तिथंच.

"वाघीण," म्हणाला. "चार दिवसांचं बसणं आहे, भाऊ. भातासारखा वास आला असंल ना? झाडावर मुतून ठेवलेली तिचीच निशाणी थे."

"पण वांदर एकदाही वरडलं नाई," मी म्हटलं.

अंकुश वर झाडांकडं पाहत राहिला.

२२ एप्रिल

तळ्यावर वांदरं नाहीतच. आमच्या कामाच्या गलक्यानं ती पहिल्याच दिवशी निघून गेली. गिरजाबाईला माहीत होतं.