मुख्य जेवणानंतरचा वक्ता

२ मार्च. सकाळी ७.१५.
वाचनालयाचं पत्र आलं. साहित्यिक भोजन, २० तारखेला, हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये. विषय ‘युद्ध आणि माझं पुस्तक’. इथवर उत्तम. खाली बघतो तर वक्ते दोन! मी, आणि एक कादंबरीवाली. ‘एकट्याचा पूल’ लिहायला मला नऊ वर्षं लागली. बाबांनी युद्धात नऊ दिवस एकट्याने पूल राखला, मी दिवसाला एक वर्ष दिलं. आणि ही बाई घरात बसून मनाने रचणार, आणि आम्ही दोघं एका टेबलावर!
संकल्प: चिडायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय.

२ मार्च. सकाळी ७.४०.
चिडलो. बायकोने विचारलं, जेवण फुकट आहे ना?

४ मार्च.
कार्यक्रमपत्रिका. आधी सूप, मग पहिला वक्ता, मग मुख्य जेवण, मग दुसरा वक्ता, शेवटी पुडिंग आणि सह्या. मला सूपनंतर टाकलंय! म्हणजे मी पुलावर नवव्या दिवसाला पोचणार आणि भुकेले लोक स्वयंपाकघराच्या दाराकडे बघणार. सेक्रेटरीबाईंना फोन केला. म्हणाल्या, कादंबरीवाल्या बाईंनीच सुचवलंय की तुम्ही आधी बोलावं, तुम्हाला ते बरं पडेल. बरं पडेल! मी काय काल जन्मलोय? मुख्य वक्ता शेवटी बोलतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे.

६ मार्च.
विजय. चार फोन आणि एक रजिस्टर पत्र. आता ती सूपनंतर, मी मुख्य जेवणानंतर. सेक्रेटरीबाई म्हणाल्या की जेवल्यावर लोक पेंगतात हो. मी सांगितलं की माझ्या भाषणात आजवर कुणी झोपलेलं नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभात चाळीस मिनिटं बोललो, एकाचा डोळा लागला नाही. बायको म्हणते, तिथे खुर्च्या नव्हत्या.

८ मार्च.
कादंबरीवालीने कादंबरी पाठवली. नाव ‘डावा बूट’. युद्धावरची कादंबरी, आणि मुखपृष्ठावर तोफ नाही, झेंडा नाही. बूट! तोही एकच! आत चिठ्ठी: कृपया पान ११२ कार्यक्रमाआधी नक्की वाचा, मग आपण बोलू. म्हणजे भाषणात स्तुती करून हवीय. वाचणार नाही. वाचून बनवलेलं मत पूर्वग्रहदूषित असतं.
लिहायच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली ठेवली. टेबल आता डुगडुगत नाही. कादंबरीचा काहीतरी उपयोग झाला.

११ मार्च.
ताईचा फोन. आठवड्यातला तिसरा. म्हणते, कार्यक्रमाआधी मला भेट, बाबांच्या पत्रांबद्दल बोलायचंय. पुढच्या टेबलावर जागा हवी असणार, दुसरं काय! ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, तेव्हापासून प्रत्येक गोष्टीत पुढे.
आणि पत्रं कसली? आई गेली तेव्हा ताईने बिस्किटाचा एक डबा पुढे केला होता. बाबांनी युद्धातून आईला लिहिलेली पत्रं, वाच म्हणाली. मी स्पष्ट सांगितलं की घरगुती पत्रं म्हणजे इतिहास नव्हे, कुणाला हवी असतील तर देऊन टाक. मला पत्रांची गरजच काय? मी साक्षीदार आहे. वय वर्षं सहा, पण साक्षीदार. दर रविवारी घरातल्या सगळ्यांचे बूट घासता घासता बाबा मला पुलाची गोष्ट सांगायचे. माझ्या पुस्तकात एकेचाळीस तळटीपा आहेत, त्यातल्या अडतीस ‘बाबांनी सांगितले’. इतका भक्कम आधार दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला आहे?
ताईला सांगितलं, वेळ नाही.

१५ मार्च.
कादंबरीवालीचा फोन. मी घरी नाही असं सांगायला बायकोला खुणावलं. तिने तसं सांगितलं आणि मग दहा मिनिटं नुसती हं हं करत उभी राहिली. फोन ठेवून म्हणाली, अहो, तेवढं एक पान वाचा. मी म्हटलं, फितूर! तुला पण फिरवलं!

१६ मार्च.
टेबल डुगडुगतंय. बायकोने पुस्तक काढून नेलं. स्वयंपाकघरात बसून वाचत होती. डोळे लाल. कादंबऱ्यांनी बायकांचं हे असं होतं.

१७ मार्च.
बायको माझ्याशी फार गोड वागतेय. दोनदा चहा, न मागता. मफलर शोधून दिला. संशयास्पद.

१९ मार्च.
कपाटाच्या आरशासमोर भाषणाची तालीम. तीस मिनिटं नेमकी. पहिलं वाक्य: ‘माझे वडील नऊ दिवस आणि नऊ रात्री त्या पुलावर एकटे उभे होते.’ स्वतःच्याच अंगावर काटा आला. प्रश्नोत्तरांसाठी पाच उत्तरं पाठ केली. प्रश्न कुठलेही येवोत.
बायको दारात उभी राहून म्हणाली, उद्या आजारी पडता का? हिला झालंय काय?

२० मार्च. सकाळी १०.३०.
निघतोय. संकल्प: कादंबरीवालीशी सभ्यपणे वागायचं. थोडंच बोलायचं. सूप आवाज न करता प्यायचं.

२१ मार्च. सकाळी ११.
काल काही लिहिलं नाही. आज नीट, क्रमाने लिहितो. इतिहासकाराचं कामच आहे ते.
हॉटेल भिकार. माइक खरखरत होता. नावाच्या पाटीवर माझं आडनाव कादंबरीवालीपेक्षा लहान अक्षरांत. ताई तिसऱ्या टेबलावर, शेजारी बायको. दोघींनी हात हातात धरलेले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.
सूप चालू असताना कादंबरीवाली माझ्याकडे वाकली आणि हळू आवाजात विचारलं, पान ११२ वाचलंत का? मी म्हटलं, दोनदा. तिने विचारलं, मग मी ते इथे वाचलं तर चालेल ना, नाहीतर मी दुसरं काहीतरी वाचते, माझं काही अडत नाही. मी म्हटलं, खुशाल वाचा, बाई, आम्ही इतिहासवाले कशाला घाबरत नाही. ती म्हणाली, तुमचं मन मोठं आहे. मी म्हटलं, आहेच.
मग ती उठली. तिचा नायक बूटवाला. आघाडीवरून मेलेल्या सैनिकांचे बूट पोत्यांत भरून मागे डेपोत येत, ते हा माणूस धुवायचा, शिवायचा आणि जोड्या लावायचा. पूर्ण युद्ध त्याने तेवढंच केलं. ती म्हणाली की हा माणूस खरा आहे, त्याची पत्रं मला त्याच्या मुलीने दिली, आणि त्यातलं एक मी जसंच्या तसं घेतलंय.
आणि तिने वाचलं. आज पोत्यातून एकशे चाळीस बूट निघाले, जोड्या पन्नासच्या वर लागेनात. उरलेले उशाशी रचून ठेवलेत, फेकवत नाहीत. धाकटा विचारतो ना, बाबा युद्धात काय करतात? त्याला बुटांचं सांगू नकोस. शाळेत पोरं त्याला चिडवतील. त्याला सांग, मी एक पूल राखतोय. एकटा. आल्यावर मी तेच पुढे चालवीन. थोरलीला खरं सांगितलंस तरी चालेल, ती शहाणी आहे, फोडणार नाही.
मी ताईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती.
मग मुख्य जेवण आलं. बटाटे कच्चे होते. मला इतका राग आला त्या बटाट्यांचा! वेटरला बोलावून झाडलं. तो सॉरी म्हणाला. मग परत झाडलं. कादंबरीवालीच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. तिला कळलं असणार की मी पान वाचलं नव्हतं. ती म्हणाली, तुम्हाला बरं नाही असं मी सांगते. मी म्हटलं, हात लावू नका माझ्या माइकला.
उठलो. हातात कागद. त्यावर दुसरं काही लिहिलेलं नव्हतं, दुसरं काही मला येतही नाही. ‘माझे वडील नऊ दिवस आणि नऊ रात्री त्या पुलावर एकटे उभे होते.’
साठ माणसांचे काटेचमचे थांबले.
तीस मिनिटं बोललो. एक पान गाळलं नाही. मुख्य जेवणानंतर असूनही कुणी पेंगलं नाही, फक्त दाराजवळचे एक आजोबा पहिल्या वाक्याआधीच झोपले. बाकी सगळे खिळून बसलेले. असं ऐकणारं सभागृह मला जन्मात मिळालं नव्हतं. मला तिथून पळून जायचं होतं.
प्रश्न कुणी विचारेना. पाच उत्तरं तशीच राहिली. मग ते आजोबा जागे झाले, हात वर केला आणि कादंबरीवालीला विचारलं की बाई, त्या बूटवाल्याच्या धाकट्याला पुढे कधी खरं कळलं का हो?
कादंबरीवाली पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिली. तेवढ्यात ताई उठली. चौऱ्याहत्तर वर्षांची, टेबलाला धरून. म्हणाली, मी त्या घराला ओळखते. नाही कळलं. त्याला अजून माहीत नाही.
मला राग आला होता. ताईचा, साठ वर्षं तोंड मिटून बसल्याबद्दल. बाबांचा, खोटं इतकं छान सांगितल्याबद्दल. माझी नऊ वर्षं, एकेचाळीस तळटीपा! आणि सगळ्यात जास्त त्या साठ माणसांचा, कारण एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. सगळे पुडिंगकडे बघत होते, माझ्यासाठी.
मग टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.