उजव्या हाताची मेंदी

ओमदुरमान

खिदरकाका,

सलाम लिहायचं मन होत नाही. हे पत्र टाकणारही नाही. तुम्ही तेसुद्धा कोर्टात नेऊन द्याल.

माझा नवरा चर्चमध्ये जातो, ही साक्ष तुमची. धर्म सोडला म्हणून न्यायाधीशाने मुतसिमला फाशी सुनावली आणि वर आमचा निकाहही रद्द केला. बाप नव्हता म्हणून तुम्हीच लावून दिलेला निकाह! मी आजही पाच वेळा नमाज पढते, काका. मला कुणी विचारलं?

काल तुरुंगाच्या फाटकावर डबा घेऊन गेले, तर शिपाई म्हणतो, "बाई, आता तू त्याची कोण? परक्या पुरुषाला भेटता येत नाही." तिथून तुमच्याकडे आले, तर तुम्ही चहा ढवळत म्हणालात, "सुटलीस पोरी. आधी ती मेंदी घासून काढ. नवरा असलेल्या बाईनंच लावायची असते ती."

काढते हं!

मेंदी भिजवलीय. दोन्ही पाय रंगवले, डावा हात रंगवला. उद्या त्याच फाटकावर उभी राहणार आहे. मी त्याची कोण, हे ज्याला विचारायचंय त्यानं माझे हात बघावेत.

लेखणी ठेवते. उजवा हात राहिलाय.

मुतसिमची बायको,
बुसैना