आपल्या गावच्या दुधाची तपासणी

तीर्थरूप आईस, भारतचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

मी खुशाल आहे. दूध संघाच्या प्रयोगशाळेत मायक्रोपिपेट, म्हणजे थेंब मोजून ओढायची नळी, धरायला शिकलो. अंगठा हळू सोडला, तरच दूध मापात चढते. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेचे कल्याणराव साहेब ओरडले, "मोटारीचं बटन दाबायलास काय बे?"

आज चारा छावणीतल्या दुधात पिवळट पू निघाला. किळस येऊन हातातला चहा ओतून दिला. बाटलीवर आपल्याच धर्मापुरीच्या दूध संस्थेचे नाव होते.

साहेब म्हणाले, "वरवरचं घे, पू खाली बसतो. नाहीतर गावाचं दूध बंद पडंल."

मी बाटली ढवळून घेतली आणि दिसले तेच लिहिले. या दुष्काळात घर त्याच दुधावर चालते, हे मला ठाऊक आहे.

छावणीतल्या आपल्या गाईची कास सुजली आहे का? छबूताईच्या बाळाला ते दूध पाजू नकोस.

तुझा,
भारत